पासवर्ड डिलीट केला म्हणजे गेला का? उबरला महागात पडलेली एक ओळ आणि गिटहबवरच्या गुपितांना कुलूप लावायचा विषय

नोव्हेंबर २०१६. उबरचे तेव्हाचे सुरक्षा प्रमुख जो सलिव्हन यांना एक निनावी ईमेल आला. तुमच्या सिस्टीममध्ये मोठी त्रुटी सापडली आहे, असं पाठवणाऱ्याचं म्हणणं होतं. तपास केल्यावर कळलं की जगभरातल्या सुमारे ५ कोटी ७० लाख प्रवासी आणि ड्रायव्हरांची माहिती बाहेर गेली आहे. नावं, ईमेल, मोबाईल नंबर आणि अमेरिकेतल्या साधारण ६ लाख ड्रायव्हरांचे लायसन्स नंबर.

आता आपल्याला वाटेल की हॅकरने काहीतरी भन्नाट डोकं लावलं असेल. तसं काही झालं नव्हतं. उबरच्या इंजिनिअरांनी गिटहबवर ठेवलेल्या कोडमध्ये कंपनीच्या क्लाउड स्टोरेजची अ‍ॅक्सेस की साध्या अक्षरांत लिहिलेली होती. चोरांनी ती वाचली, वापरली आणि डेटा उतरवून घेतला.

यातली खरी गंमत पुढे आहे. तो कोड सगळ्यांसाठी खुला नव्हता, तो प्रायव्हेट होता. मग तरी हे कसं झालं? आणि रोज लाखो डेव्हलपर जिथे कोड ठेवतात, तिथे गुपितं सुरक्षित ठेवायची तरी कशी? नीट समजून घेऊ.

आधी गिट म्हणजे काय ते बघू

सॉफ्टवेअर लिहिताना रोज बदल होतात. कोणी काय बदललं, कधी बदललं, जुनं काय होतं, याची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीला व्हर्जन कंट्रोल म्हणतात. सगळ्यात जास्त चालणारी अशी प्रणाली म्हणजे गिट. लिनक्सवाल्या लिनस टोरवाल्ड्सने ती २००५ मध्ये बनवली. गिटमधला कोड ऑनलाईन ठेवायची सगळ्यात मोठी जागा म्हणजे गिटहब, जे २०१८ पासून मायक्रोसॉफ्टच्या मालकीचं आहे. गिटहबवर डेव्हलपरांच्या संख्येत अमेरिकेनंतर भारताचा नंबर लागतो, त्यामुळे हा विषय आपल्यापासून लांबचा नाही.

एका प्रोजेक्टच्या सगळ्या फाईली आणि त्यांचा इतिहास जिथे राहतो ती रिपॉझिटरी, बोलीभाषेत रेपो. बदल पक्का करून नोंदवणं म्हणजे कमिट.

गावाकडे जमिनीचा व्यवहार बघितलेल्यांना हे लगेच कळेल. सातबाऱ्यावर जमिनीची आजची स्थिती दिसते. पण नाव कसं चढलं, कसं कमी झालं, वाटणी कधी झाली, हे फेरफार नोंदवहीत असतं. सातबाऱ्यावरून एखादं नाव गेलं तरी फेरफार काढला की ते सापडतं. गिटचंही तसंच आहे. समोर दिसणारी फाईल म्हणजे सातबारा आणि कमिटचा इतिहास म्हणजे फेरफार.

म्हणून एखाद्याने चुकून पासवर्ड कमिट केला, पाच मिनिटांनी लक्षात आलं आणि ती ओळ उडवून पुन्हा कमिट केलं, तर पासवर्ड फक्त समोरून जातो. मागच्या कमिटमध्ये तो जसाच्या तसा राहतो. त्यात ज्या कोणी तो रेपो आपल्या लॅपटॉपवर उतरवून घेतला असेल, त्याच्याकडे सहसा हा सगळा इतिहासही गेलेला असतो.

पण रेपो प्रायव्हेट असेल तर?

इथेच उबरचं प्रकरण कामाला येतं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या कागदपत्रांनुसार, चोरांनी उबरच्या इंजिनिअरांचे आधी दुसऱ्याच वेबसाईटवरून फुटलेले पासवर्ड गिटहबवर वापरून बघितले आणि ते चालले. म्हणजे काही जणांनी तोच पासवर्ड दोन ठिकाणी ठेवला होता. ओटीपीसारखी दुसरी पायरीही कंपनीने सक्तीची केलेली नव्हती.

प्रायव्हेट रेपो म्हणजे बंद दार असलेली खोली. आत टेबलावर कागद उघडाच पडलेला असतो. दारातून आत आलेला कोणीही तो वाचू शकतो, मग तो कंपनीचा माणूस असो, कंत्राटदार असो किंवा चोर.

बरं, उबरला ही ठेच पहिल्यांदा लागली नव्हती. २०१४ मध्येही त्यांच्या एका इंजिनिअरने गिटहबवर उघडपणे टाकलेल्या अ‍ॅक्सेस कीमुळे एक लाखाहून जास्त ड्रायव्हरांची नावं आणि लायसन्स नंबर बाहेर गेले होते. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा म्हणतात. इथे मागचा आणि पुढचा एकच होता.

२०१६ च्या वेळी उबरने चोरांना १ लाख डॉलर, म्हणजे तेव्हाचे साधारण ६७ लाख रुपये दिले आणि प्रकरण वर्षभर दाबून ठेवलं. नोव्हेंबर २०१७ मध्ये नवे सीईओ दारा खोस्रोशाही यांनी ते जाहीर केलं. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या राज्यांसोबत १४ कोटी ८० लाख डॉलरची तडजोड झाली, रुपयांत हजार कोटींच्या वर. सलिव्हन यांना ऑक्टोबर २०२२ मध्ये दोषी ठरवण्यात आलं आणि २०२३ मध्ये तीन वर्षांचं प्रोबेशन मिळालं.

हे फक्त उबरचंच आहे का?

नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये टोयोटाने सांगितलं की त्यांच्या टी-कनेक्ट सेवेच्या वेबसाईटच्या कोडचा काही भाग एका कंत्राटदाराकडून गिटहबवर सार्वजनिक झाला होता. त्यात ग्राहकांची माहिती असलेल्या सर्व्हरची अ‍ॅक्सेस की होती. हा कोड डिसेंबर २०१७ ते सप्टेंबर २०२२, म्हणजे जवळपास पाच वर्षं तसाच उघडा होता. २ लाख ९६ हजार ग्राहकांचे ईमेल पत्ते धोक्यात आले.

मार्च २०२३ मध्ये तर खुद्द गिटहबची एक खाजगी की थोड्या वेळासाठी एका सार्वजनिक रेपोत दिसली आणि त्यांना ती तातडीने बदलावी लागली. ज्याच्या दुकानात कुलपं मिळतात, त्याचीच चावी रस्त्यावर पडली.

नॉर्थ कॅरोलिना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी २०१९ मध्ये गिटहबचा एक भाग तपासला, तेव्हा एक लाखाहून जास्त रेपोंमध्ये अशी गुपितं सापडली आणि रोज हजारोंची भर पडत होती. गिटगार्डियन या कंपनीच्या अहवालानुसार, एकट्या २०२४ मध्ये सार्वजनिक गिटहबवर सुमारे २ कोटी ३८ लाख नवी गुपितं फुटली. त्याच अहवालात आणखी एक गोष्ट आहे. २०२२ मध्ये फुटलेल्या गुपितांपैकी सुमारे ७० टक्के अहवालाच्या वेळीही चालू होती. म्हणजे फुटलं ते फुटलंच, वर कोणी बदललंही नाही.

मग गुपितं रेपोत ठेवायचीच कशाला?

रास्त प्रश्न आहे. अ‍ॅप चालायला डेटाबेसचा पासवर्ड लागतो, पेमेंटची की लागते, ओटीपी पाठवणाऱ्या सेवेची की लागते. रेपोबाहेर ठेवलं तर टीममधला नवा माणूस विचारतो, "दादा, ती फाईल पाठव ना." मग ती व्हॉट्सअ‍ॅपवरून जाते, ईमेलवरून जाते आणि कोणाच्या तरी डाउनलोड फोल्डरमध्ये कायमची पडून राहते. हे रेपोत ठेवण्यापेक्षा फारसं बरं नाही.

यावर मधला मार्ग निघाला. फाईल रेपोतच ठेवायची, पण एन्क्रिप्ट करून. म्हणजे वाचणाऱ्याला अगम्य अक्षरांचा गोळा दिसेल आणि ज्याच्याकडे चावी आहे त्यालाच खरा मजकूर दिसेल.

यातलं एक जुनं साधन म्हणजे गिट-क्रिप्ट. कोणत्या फाईली कुलपात ठेवायच्या हे एका यादीत लिहायचं. मग कमिट करताना ती फाईल आपोआप एन्क्रिप्ट होते आणि चावी असलेल्याच्या लॅपटॉपवर आपोआप उघडते. काम करणाऱ्याला वेगळं काही करावं लागत नाही.

दुसरं साधन सॉप्स. ते मोझिलामध्ये तयार झालं. त्याची खासियत अशी की ते सेटिंगच्या फाईलमधली फक्त किंमत झाकतं, नाव उघडं ठेवतं. म्हणजे 'डेटाबेसचा पासवर्ड' हे शब्द दिसतात, पासवर्ड दिसत नाही. त्यामुळे कोणी नेमकी कोणती नोंद बदलली हे गुपित न उघडता तपासता येतं.

कुलूप लावलं की विषय संपला?

इथेच बरेच जण फसतात. चार गोष्टी लक्षात ठेवायला हव्यात.

पहिली, कुलूप मागच्या तारखेने लागत नाही. आधी सहा महिने फाईल उघडी होती आणि आज एन्क्रिप्ट केली, तर जुन्या कमिटमध्ये ती उघडीच आहे. आधी कुलपाची यादी, मग फाईल, हा क्रम चुकला की पहिल्याच कमिटमध्ये गुपित बाहेर.

दुसरी, चावी कुठे ठेवता? चावीची फाईल त्याच रेपोत ठेवणं म्हणजे घराला कुलूप लावून चावी दारातल्या तुळशीच्या कुंडीखाली ठेवणं. सगळ्या गल्लीला माहीत असतं.

तिसरी, सगळं झाकलं जात नाही. गिट-क्रिप्ट फाईलचा मजकूर झाकतं, पण फाईलचं नाव आणि कमिटसोबत लिहिलेला संदेश उघडाच राहतो. 'नवीन बँक खात्याचा पासवर्ड टाकला' असं संदेशात लिहिलं, तर नेमकं काय फोडायचं हे तुम्हीच सांगितलं.

चौथी सगळ्यात महत्त्वाची. माणूस नोकरी सोडून गेला की काय? त्याचं नाव चावीधारकांच्या यादीतून काढता येतं. पण त्याच्याकडच्या कॉपीत जुना इतिहास आहे आणि जुनी चावीही आहे. सातबाऱ्यावरून नाव कमी केलं, तरी फेरफाराची नक्कल त्याच्या कपाटात आहे. म्हणून कुलूप बदलून भागत नाही. आतला पासवर्डच बदलावा लागतो.

यामुळेच मोठ्या कंपन्या सहसा गुपितं रेपोत न ठेवता वेगळ्या तिजोरीसारख्या सेवेत ठेवतात. तिथे कोणी कधी काय उघडलं याची नोंद राहते आणि एखाद्याचा प्रवेश त्या क्षणी बंद करता येतो. पण तिजोरी सांभाळायला माणूस आणि पैसा लागतो. चार जणांच्या टीमला रेपोतलं कुलूप जास्त परवडतं. फक्त त्याची मर्यादा माहीत हवी.

चूक झालीच तर पहिलं काम कोणतं?

बहुतेक जण घाबरून आधी कमिट उडवायला धावतात. क्रम उलटा हवा. सगळ्यात आधी ती की किंवा पासवर्ड रद्द करून नवा घ्यायचा. सार्वजनिक गिटहबवर नजर ठेवून बसलेले बॉट फार वेळ घेत नाहीत, त्यामुळे दिसलं म्हणजे गेलं असंच धरायचं. त्यानंतर मधल्या काळात ती कोणी वापरली का हे तपासायचं. इतिहास साफ करायचं साधन आहे, गिट फिल्टर-रेपो नावाचं. पण ते शेवटी. कारण तुमच्या रेपोतून पुसलं तरी दुसऱ्यांनी घेतलेल्या कॉपीतून ते पुसता येत नाही.

गिटहबनेही आता थोडी मदत केली आहे. ओळखू येणारी गुपितं सार्वजनिक रेपोत जाण्याआधीच अडवायची सोय २०२४ पासून आपोआप चालू असते. पण ती ठराविक साच्यातल्या की ओळखते. तुम्ही स्वतः ठरवलेला साधा पासवर्ड तिच्या नजरेतून सुटू शकतो.

आपला काय संबंध?

तुम्ही कोड लिहीत नसाल तरी तुमचा नंबर, पत्ता आणि पेमेंटचा इतिहास कोणाच्या तरी डेटाबेसमध्ये आहे. त्या डेटाबेसचा पासवर्ड कोणत्या तरी फाईलमध्ये आहे. ती फाईल उघडी ठेवायची की कुलपात, हे तुम्हाला न विचारता ठरतं. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात माहिती सांभाळण्यात हलगर्जी केली तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे ती यासाठीच. पण दंड झाल्यावर तुमचा फुटलेला नंबर परत येत नाही.

एक गोष्ट मात्र आपल्या हातात आहे. उबरचं दार उघडलं ते दुसरीकडे फुटलेल्या आणि पुन्हा वापरलेल्या पासवर्डने. ते इंजिनिअर होते, तरी त्यांच्याकडून हे झालं. तेव्हा आज पाच मिनिटं काढा, ईमेलचा पासवर्ड दुसरीकडे कुठे वापरलाय का ते आठवा, असेल तर बदला आणि दोन पायऱ्यांचं लॉगिन चालू करा. आणि कोडिंग करणारा एखादा मित्र असेल, तर त्याला हे वाचायला पाठवा. त्याच्या रेपोच्या फेरफारात काय दडलंय, हे त्याने बाकीच्यांच्या आधी बघितलेलं बरं.