दुपारी बारा ते चार



मे महिन्यातल्या एका मंगळवारी भर दुपारी एक परदेशी तरुण आपल्या चर्चच्या फाटकाशी आला. पाठीवर भलीमोठी पिशवी, पायात साध्या चपला. सकाळी आग्र्याहून ग्वाल्हेरला उतरला होता, संध्याकाळच्या गाडीने झाशीला आणि तिथून ओरछाला जाणार होता. मधल्या वेळात त्याला किल्ला पाहायचा होता. स्टेशनवरच्या क्लोकरूममध्ये कुलूप लावलेलेच सामान घेतात, आणि दोरीने आवळायच्या त्याच्या पिशवीला कुलूप लागत नव्हते. ती पाठीवर घेऊन किल्ल्याचा चढ चढायचा म्हणजे काय, हे ग्वाल्हेरचा मे पाहिलेल्यांना सांगायला नको. त्याने एवढेच विचारले की पिशवी संध्याकाळपर्यंत ठेवता येईल का, आणि थोडा वेळ सावलीत बसता येईल का.

चौकीदाराने पाटीकडे बोट दाखवले: दुपारी बारा ते चार प्रवेश बंद. तो गेला.

चौकीदाराने ही हकिकत रविवारी उपासनेनंतर हसत सांगितली आणि आम्हीही हसलो. घरी पोहोचेपर्यंत ते हसू टिकले नाही. त्या माणसाला दोष कसला द्यायचा? दानपेटी फुटली तेव्हा पाटी लावायचा ठराव समितीने केला होता, आणि त्यावर आमच्याही सह्या आहेत.

उत्पत्तीच्या 18व्या अध्यायात अब्राहामाकडे तिघे येतात तीही भर दुपारचीच वेळ. नव्व्याण्णव वर्षांचा म्हातारा तंबूच्या दारातून उठून धावत जातो. पाय धुवायला पाणी, झाडाची सावली, खायला भाकर. कोण, कुठले, कशासाठी आलात, यातले काहीही तो विचारत नाही. या अध्यायावरचे संदेश आपण कितीदा ऐकले आहेत, पण सगळा भर इसहाकाच्या वचनावर असतो. ते वचन दहाव्या वचनात येते. त्याआधीची आठ वचने पीठ मळण्यात आणि पाहुणचारात गेली आहेत, ती आपण भरभर वाचून टाकतो.

समितीतले एक ज्येष्ठ म्हणाले, ही मुले गरीब नसतात, विमानाने येतात आणि इथे शंभर रुपयांसाठी घासाघीस करतात. हॉटेलात जावे की! खरे असेल. अब्राहामाचे पाहुणेही गरीब नव्हते.

दुसरी हरकत कायद्याची. परदेशी पाहुण्याला मुक्कामाला ठेवले तर 24 तासांत कळवावे लागते, हे बरोबर आहे. पण त्याने मुक्काम मागितलाच नव्हता, कडुलिंबाखालचा बाक मागितला होता.

तिसरी भीती मात्र आम्ही हसण्यावारी नेणार नाही. मध्य प्रदेशात 2021 चा धर्मस्वातंत्र्य कायदा आल्यापासून आपण सगळेच जपून बोलतो, जपून वागतो. आवारात गोरा माणूस दिसला तर बाहेर कोण काय अर्थ लावेल, सांगता येत नाही. म्हणूनच आमचे म्हणणे आहे की अशा प्रवाशाच्या हातात पत्रिका देऊ नये, त्याचा धर्म विचारू नये, पाणी द्यावे. आणि बंद फाटकाने संशय कमी होतो, हे आम्हाला पटत नाही. उघड्या फाटकातून आत काय चालले आहे ते रस्त्यावरच्यालाही दिसते.

तसे पाहिले तर रेल्वेत भेटलेल्या एका परक्या माणसाचे आपल्या मराठी मंडळ्यांवर केवढे ऋण आहे! 1893 मध्ये नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. डब्यातला एक युरोपियन गृहस्थ त्यांच्याशी काव्याविषयी बोलत बसला आणि निरोप घेण्यापूर्वी त्याने नवा करार त्यांच्या हाती दिला. 1895 मध्ये टिळकांचा बाप्तिस्मा झाला. त्या गृहस्थाचे नाव त्यांना शेवटपर्यंत कळले नाही. टिळकांची भजने गाताना आम्हाला हल्ली तो डबा आठवतो, आणि त्या गप्पांची सुरुवात कवितेने झाली होती हेही आठवते.

आपलेही आजे-पणजे कधीतरी वळकट्या घेऊन याच स्टेशनावर उतरले असतील. त्यांना कोणीतरी पाणी दिले असणार.

पाटी काढावी, अशी विनंती आम्ही समितीला लेखी दिली आहे. चोरीची काळजी आहे, तर देवळाचे दार बंद राहू द्या. फाटक, बाक आणि मागचे स्वच्छतागृह तेवढे उघडे ठेवा. पिशव्यांसाठी संडेस्कूलच्या खोलीतले कपाट रिकामे होऊ शकते. दुपारी कोणीतरी एक जण बसला की पुरे. पाळकसाहेबांनी येत्या रविवारी उपासनेनंतर हा विषय घ्यायचे कबूल केले आहे.

माठ आम्ही आणून ठेवला आहे. सोमवार, बुधवार, शुक्रवार आणि शनिवारच्या दुपारी बसायला माणसे मिळाली. मंगळवार आणि गुरुवारसाठी अजून कोणी नाही.