साखर डब्यात की टाकीत?

मैत्रिणींनो, ऊस आपल्या रहिमतपूरच्या शिवारातला, पण त्याचं काय करायचं ते दिल्लीत ठरतं. धूर कमी व्हावा, तेलाची आयात घटावी म्हणून पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळायचं धोरण आलं. कारखान्यांनी कर्जं काढून प्रकल्प उभारले. आणि डिसेंबर २०२३ मध्ये, पाऊस कमी झाल्यावर, साखर महागेल या धास्तीनं सरकारनं उसाच्या रसापासून इथेनॉल करायला बंदीच घातली! लगेच थोडी सैल केली, ऑगस्ट २०२४ मध्ये उठवली. मध्ये लोकसभेची निवडणूक होती, हे सांगायला नकोच.

साखर स्वस्त तर आपला चहा गोड, पण उसाचं बिल थकलं की बचतगटाचा हप्ता चुकतो, हे मी वहीत बघते. आणि पाण्याचं काय? उसाला बारमाही पाणी पाजून हवा स्वच्छ करायची, हे गणित मला तरी पटत नाही. ठिबकचं अनुदान आधी वेळेवर मिळू द्या की!