पिंजऱ्यातला पाळणा

मावळातल्या सुदुंबरे गावाहून एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्या लिहितात :

"दीड वर्षापूर्वी थोरल्याच्या वाढदिवसाला ह्यांनी लव्हबर्डची जोडी आणली. पिंजऱ्यात मडकं टांगलेलंच होतं. पहिली पिल्लं निघाली तेव्हा घरात नुसता आनंदीआनंद! शेजारीपाजारी वाटलीसुद्धा. पण तेव्हापासून मादी मडक्यातून बाहेर यायचं नाव घेत नाही. ही पाचवी खेप. पिंजऱ्यात अकरा पाखरं झाली आहेत आणि आता फुकट न्यायलाही कोणी तयार नाही. मादीची पिसं विस्कटली आहेत. परवाचं अंडं तर मऊच होतं, कवच नसल्यासारखं. अंडी काढून टाकते म्हटलं तर सासूबाई म्हणतात, पाप लागेल. हे म्हणतात, सगळी आंब्यावर सोडून देऊ. ताई, मी स्वतः दोन मुलांवर थांबले. ह्या मुक्या जिवाला कसं थांबवू?"

भगिनी, तुमच्या पत्रातली सगळ्यांत महत्त्वाची ओळ मऊ अंड्याची आहे. म्हणून आधी तिच्याबद्दल.

अंड्याचे कवच चुन्याचे, म्हणजे कॅल्शियमचे असते. ते मादीच्या अंगातूनच येते. खेपेमागून खेप झाली की अंगातला साठा संपतो, हाडे पोकळ होतात आणि कवच मऊ पडते. पुढची पायरी म्हणजे अंडे आतच अडकणे. मादी पिंजऱ्याच्या तळाशी पिसे फुलवून बसली, शेपटी श्वासाबरोबर खालीवर हलू लागली, कुंथू लागली, तर ती अडली आहे असे समजा. तिला वेगळ्या लहान पिंजऱ्यात ठेवून एका बाजूने दिव्याची ऊब द्या आणि तासाभराचाही उशीर न करता पशुवैद्याकडे न्या. पोट दाबू नका, तेल घालू नका. आत अंडे फुटले तर पाखरू हाती लागत नाही. अजून तसे काही दिसत नसले, तरी ह्या आठवड्यात एकदा डॉक्टरांना दाखवाच.

हे मी पुस्तकातले सांगत नाही, बरं का. आमच्याकडेही अशीच एक हिरवी मादी होती. येणाऱ्याजाणाऱ्याला आम्ही कौतुकाने पिल्ले दाखवायचो. सहाव्या खेपेला ती सकाळी मडक्याच्या तोंडाशी मरून पडलेली दिसली. तिच्या डोळ्यांदेखत आम्ही कौतुक करत होतो आणि ती झिजत होती, हे तेव्हा कळले.

आता प्रश्न असा, की ती स्वतःहून का थांबत नाही? आपल्याकडे ज्याला सर्रास लव्हबर्ड म्हणतात ते पाखरू बहुधा बजरीगर असते. ते मूळचे ऑस्ट्रेलियातल्या कोरड्या माळरानांवरचे. जॉन गूल्ड नावाच्या पक्षितज्ज्ञाने 1840 साली ते जिवंत इंग्लंडला नेले आणि तिथून ते घरोघरच्या पिंजऱ्यांत पोचले. त्याच्या मूळ मुलुखात पावसाचा भरवसा नाही. पाऊस पडला, गवताला दाणा धरला, की थवेच्या थवे झाडांच्या ढोल्यांत अंडी घालतात. दाणा संपला की सगळे थांबते आणि थवे दुसरीकडे उडून जातात. तुमच्या मावळातली सुगरण पाहा ना. तीसुद्धा पावसाळ्यातच खोपे विणते, बारा महिने विणत बसत नाही.

पण आपल्या पिंजऱ्यात काय असते? वाटी सदा भरलेली. ढोलीच्या जागी मडके. रात्री अकरापर्यंत मालिका चालू, म्हणजे दिवा चालू, म्हणजे दिवस मोठा. पाखराला वाटते, पावसाळा अजून सरलाच नाही! एका खेपेला चार ते सहा अंडी, अठरा दिवस उबवण, पाच आठवड्यांनी पिल्ले बाहेर. म्हणजे एक खेप साधारण दोन महिन्यांची. पुष्कळदा पिल्ले बाहेर पडण्याआधीच पुढची अंडी तयार. हा न संपणारा पावसाळा आपण आणला आहे, तेव्हा तो आपणच आवरायचा.

तो कसा आवरायचा ते क्रमाने सांगते.

मडक्यात आत्ता अंडी असतील तर ती नुसती काढून टाकू नका. अंडी कमी झाली की मादी ती भरून काढायला आणखी घालते आणि अधिकच झिजते. त्याऐवजी ताजे अंडे त्याच दिवशी काढून उकळत्या पाण्यात दहा मिनिटे ठेवा, गार करून पुसा, पेन्सिलीने बारीक खूण करा आणि परत ठेवा. ती त्यांच्यावर बसेल. तेवढाच तिच्या देहाला विसावा. तीनेक आठवड्यांत कंटाळून उठेल. मग अंडी आणि मडके दोन्ही बाहेर.

मडके काढणे हा सगळ्यांत मोठा उपाय. बजरीगर काड्या गोळा करून घरटे बांधत नाही, त्याला फक्त ढोली लागते. ती नसली तर बहुतेक जोड्या गप्प बसतात. मात्र नारळाची करवंटी, टांगलेला डबा, कोपऱ्यातली खोल वाटी, असे आडोशाचे काहीही ठेवू नका. पिंजऱ्याची जागा आणि आतल्या काठ्याही बदला. (तुमची पाखरे आखूड शेपटीची, जाड चोचीची, आफ्रिकेतली खरी लव्हबर्ड असतील, तर कागद आणि काथ्याही दूर ठेवा. ती घरटे रचतात.)

संध्याकाळी सात वाजता पिंजऱ्यावर सुती चादर घाला, सकाळी सातला काढा. वारा खेळता राहील असे बघा. बारा तासांचा अंधार मिळाला की दिवस लहान झाल्याचे पाखराला कळते.

भिजवलेले, मोड आलेले धान्य, उकडलेले अंडे, सूर्यफुलाच्या बिया हे लाड काही महिने बंद. उपाशी मात्र ठेवायचे नाही. एका पाखराला रोज चहाचे दीड ते दोन चमचे राळा-बाजरी आणि थोडी कोथिंबीर किंवा शेवग्याचा पाला पुरे. समुद्रफेसाचा तुकडा पिंजऱ्याला कायम बांधलेला असावा, आणि सकाळचे कोवळे ऊन मिळावे. उन्हाशिवाय कॅल्शियम अंगी लागत नाही. उन्हात ठेवताना अर्ध्या पिंजऱ्यावर सावली हवी.

एवढे करूनही ती तळाशी अंडी घालू लागली, तर नर-मादी वेगळ्या पिंजऱ्यांत ठेवा, पण शेजारी शेजारी. जोडीचा जीव एकमेकांवर असतो. दिसत-ऐकत राहिली की ती झुरत नाहीत. निदान सहा महिने विश्रांती द्या. पुढेही वर्षातून दोन खेपांच्या वर नको.

आणि उरलेल्या नऊ पाखरांचे काय? तीन-चार महिन्यांत ती वयात येतात, आणि भाऊबहीण हे नाते त्यांना ठाऊक नसते. त्यांची पिल्ले दुबळी निघतात. तेव्हा नर एका पिंजऱ्यात, माद्या दुसऱ्या, असे आताच करा. चोचीच्या वर नाकपुड्यांभोवतीचा भाग मोठ्या नराचा निळा, मादीचा तपकिरी किंवा पांढुरका असतो. पांढऱ्या-पिवळ्या पाखरांत ही खूण फसवते, तेव्हा डॉक्टरांना विचारा. देताना एक-एकटे देऊ नका, दोन नर किंवा दोन माद्या मिळून द्या, आणि मडक्याशिवाय द्या! नाहीतर तुमची अडचण शेजारणीच्या घरी जाईल, एवढेच.

तुमच्या यजमानांना सांगा, आंब्यावर सोडणे ही सुटका नव्हे. पिंजऱ्यात जन्मलेल्या पाखराला दाणा शोधता येत नाही, आणि कावळा, शिक्रा त्याला दिवस मावळेपर्यंतही ठेवत नाहीत.

राहता राहिल्या सासूबाई. त्यांचे मन मोडू नका. त्यांना सांगा, ताज्या अंड्यात पिल्लू नसते. मादीने सलग ऊब दिली तरच ते आत धरू लागते. म्हणून तर त्याच दिवशी उकडायचे. त्यांच्या तरुणपणी गावोगावच्या भिंतींवर उलटा लाल त्रिकोण रंगवलेला असे, पाळणा लांबवा म्हणून. बाईच्या जिवासाठी जे योग्य ठरले, ते पाखराच्या जिवासाठी पाप कसे? आणि तुमचे गाव तर संताजी महाराज जगनाडे यांच्या समाधीचे. तुकोबांचे हे टाळकरी व्यवसायाने तेली. घाण्याच्या बैलालाही विसावा द्यावा लागतो, हे तिथल्या वडीलधाऱ्यांना मी काय सांगणार? पिंजऱ्यातली ही माउली दीड वर्ष घाण्याला जुंपलेली आहे.

तिला बोलता येत नाही. "आता पुरे" हे तिच्यातर्फे तुम्हीच म्हणायचे आहे. मडके उतरवलेत की पहिले चार दिवस ती शोधाशोध करील, ओरडेल. तेव्हा जीव कळवळला तरी परत टांगू नका. पंधरवड्याने तीच झोक्यावर बसून नराशी किलबिल करू लागली, की मला जरूर कळवा.