दिव्याखाली पडलेला पाणभुंगेरा

पावसाळा सुरू झाला, की आमच्या वस्तीच्या कोपऱ्यावरच्या दिव्याखाली काळपट भुंगेरे टपाटप पडतात. परवा असाच एक पडला आणि पोरांनी चप्पल उगारली. "मारा, विषारी आहे!" लहानपणी आम्हीही हेच ऐकले होते. पण वाचकहो, हा समज खोटा आहे. हा पाणभुंगेरा. दाबून धरला तर चिमटा काढील, घाण वासाचा पांढरा रस सोडील. पण विषारी नाही.

याचे शास्त्रीय नाव सायबिस्टर ट्रायपंक्टेटस. लांबी सुमारे अडीच सेंटिमीटर, हिरवट काळी पाठ आणि तिला पिवळी किनार. मागचे पाय चपटे, केसाळ. दोन्ही एकदम मारतो, वल्ह्यांसारखे. पाण्याखाली श्वास कसा घेतो? शेपटीकडचा भाग पृष्ठभागावर आणून पंखांच्या टणक झाकणाखाली हवा भरतो आणि तेवढ्या शिदोरीवर बुडी मारतो. डबके आटले, की रात्री उडून दुसरे पाणी शोधतो. दिव्याला भुलून पडतो तो या प्रवासातच.

त्याची अळी तर पाण्यातला वाघच! जबडा विळ्यासारखा. भक्ष्यात पाचक रस सोडते आणि आतले मांस पातळ करून शोषून घेते. डासांच्या अळ्या तिला आयत्याच मिळतात. बेडकांची, माशांची पिल्लेही ती सोडत नाही, हेही सांगितले पाहिजे.

आता मुद्द्याचे. डास वाढले, की आपण खदानीच्या तळ्यावर जळके तेल ओततो. त्याने डासांच्या अळ्या मरतात, तशाच हवेसाठी वर येणाऱ्या भुंगेऱ्याच्या अळ्याही मरतात. डास आठ-दहा दिवसांत पुन्हा तयार होतो. भुंगेऱ्याला कित्येक आठवडे लागतात. म्हणजे चोर लवकर परततो, राखणदार नाही! जपानमध्ये या जातीची गणना आज धोक्यात आलेल्या कीटकांत होते. भातशेतीतली औषधे आणि नाहीशी होणारी पाणथळ जागा ही तिथली कारणे. आपणही राडारोडा टाकून तळी बुजवीत आहोत.

मात्र कोणी असे समजू नये, की भुंगेरा आपल्याला डेंग्यूपासून वाचवील. डेंग्यूचा डास वाढतो तो आपल्याच पिंपात, कुंडीखालच्या ताटलीत, गच्चीवरच्या टायरात. तिथे भुंगेरा पोचत नाही. तिथे आपलाच हात पोचला पाहिजे. माता-भगिनींनो, आठवड्यातून एक दिवस पिंप रिकामे करा, आतून घासा, कोरडे करा, मगच भरा आणि झाकण लावा. हे काम एकट्या बाईचे नाही. घरातल्या पुरुषांनी आणि पोरांनीही हात लावावा.

परवाचा तो भुंगेरा पोरांनीच डब्यात पाणी घेऊन तळ्यात सोडला. क्षणात तळाशी गेला. पोरे बराच वेळ पाण्याकडे बघत उभी होती.

पिंप आपण घासू, तळे त्याच्यासाठी राखू.