आधी नाव, मग कुऱ्हाड

पाऊस ओसरला की कात्रपमध्ये जुन्या घरांची अंगणे साफ करण्याचे काम निघते. थंडीत बंब तापवायचा असतो. पुढे निकाहच्या तारखा असतात आणि वलीम्याच्या देगांसाठी सरपण लागते. मग अंगणात कोणीही न लावता वाढलेल्या झाडाकडे नजर जाते. “हे कसले झाड? याचे जळण चांगले होईल का?” असे आम्हाला दरवर्षी कोणी ना कोणी विचारते. बहुतेक वेळा झाड एकच निघते, म्हणून या महिन्यात त्याच्याविषयी.

पाने विळ्यासारखी वाकलेली, जाड, बोटभर रुंद. त्यांवर शिरा लांबीच्या दिशेने जातात. पावसाळ्यानंतर पिवळ्या फुलांचे बारीक तुरे येतात. शेंगा वळून वळून कानाच्या पाळीसारख्या होतात आणि उकलल्या की काळ्या बिया नारिंगी धाग्याला लोंबतात. काटा एकही नाही. एवढ्या खुणा जुळल्या तर ती ऑस्ट्रेलियन बाभूळ समजावी. शास्त्रीय नाव अकेशिया ऑरिक्युलिफॉर्मिस. त्यातल्या दुसऱ्या शब्दाचा अर्थच ‘कानाच्या आकाराची’. मूळ उत्तर ऑस्ट्रेलिया, न्यू गिनी आणि इंडोनेशियाकडचे. मजा अशी, की ज्याला आपण पान म्हणतो तो खरे तर चपटा झालेला देठ आहे. नुकत्याच उगवलेल्या रोपाला मात्र आपल्या बाभळीसारखी पिसासारखी पाने दिसतात.

नावांचा घोळ आपल्या घरांत जास्त होतो. उर्दूत ‘कीकर’ म्हणजे आपली गावरान बाभूळ. ‘विलायती कीकर’ म्हणजे मराठीतली वेडी बाभूळ. ते झाड अमेरिका खंडातून आलेले आणि काटेरी. अंगणातले हे झाड या दोन्हींपेक्षा वेगळे. म्हणून नाव कानाने ऐकून ठरवू नये. पान, फूल आणि शेंग डोळ्यांनी पाहावी.

आता जळणाविषयी. हे लाकूड जड असते. वाळलेल्या लाकडातून किलोमागे सुमारे ४८०० किलोकॅलरी उष्णता मिळते, धूर कमी होतो आणि निखारा टिकतो. देगेला दम द्यायला असाच निखारा हवा. त्या मानाने शेवगा, पांगारा, सावर यांचे लाकूड हलके. भसकन पेटते आणि राख होते. कण्हेर, लाल असो वा पिवळी, चुलीच्या जवळही आणू नका. तिचा प्रत्येक भाग विषारी आहे आणि धूरही घातक. तिच्या काड्या कबाबाच्या सीखा म्हणून तर कधीच वापरू नयेत. तोडल्यावर चीक निघणारे झाडही नीट ओळख पटल्याशिवाय जाळू नये.

चांगले लाकूडही ओले असेल तर व्यर्थ. नुकत्याच तोडलेल्या लाकडात जवळपास निम्मे वजन पाण्याचे असू शकते. चुलीची बरीच आच ते पाणी उडवण्यातच जाते आणि स्वयंपाक करणाऱ्याच्या डोळ्यांत धूर येतो. ओंडके फोडून, जमिनीपासून थोडे वर, हवा खेळेल असे रचावेत. दिवाळीनंतर रचलेले सरपण उन्हाळ्याच्या अखेरीस कामाचे होते. टोकांना भेगा पडल्या, साल सुटू लागली आणि दोन तुकडे एकमेकांवर आपटून टणक आवाज आला, की ते वाळले.

पण झाड पाडण्याआधी दोन परवानग्या लागतात. पहिली कायद्याची. महाराष्ट्रात नागरी भागातल्या झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे. झाड स्वतःच्या अंगणात असले तरी नगरपालिकेकडे अर्ज केल्याशिवाय ते तोडता येत नाही. जाळणे किंवा इजा करणेही त्यात तोडण्यातच धरले आहे. फांद्या छाटायच्या तरी आधी नगरपालिकेत विचारावे. दुसरी परवानगी हक्कदारांची. चाळीचे अंगण सामाईक असते. भावाभावांत वाटणी न झालेल्या जागेतले झाडही एकट्याचे नसते. वलीम्याचे मटण हलाल आहे ना, हे आपण खाटकाला विचारतो. मग त्याखाली जळणारे लाकूड कोणाचे, हेही विचारायला हवे. शेजारची विधवा बाई त्याच झाडाच्या सावलीत पापड वाळवत असेल, तर तिलाही विचारा.

पुष्कळदा पाडण्याची गरजच नसते. या झाडाच्या फांद्या ठिसूळ, वादळात मोडतात. तेव्हा पत्र्यावर झुकलेल्या फांद्या परवानगीने छाटल्या तर धोका टळतो आणि बंबापुरते सरपणही मिळते. झाड काढावेच लागले, तर त्या जागी जांभूळ किंवा करंज लावा. मुसलमानाने लावलेल्या झाडाचे फळ माणसाने, पाखराने वा जनावराने खाल्ले, तर लावणाऱ्याला सदक्याचा सवाब मिळतो, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितल्याचे बुखारी आणि मुस्लिममध्ये आहे. जांभळावर पाखरे येतात. खड्डा मुलांकडून खणून घ्या आणि झाडाचे नाव त्यांना उर्दूत व मराठीत, दोन्हींत शिकवा.