हिशेब कोणी तपासायचा?



हजेरी, तारीख, रक्कम, जमा, खर्च, बाकी, हिशेब. हे मराठी शब्द शिकताना तुम्हांला फारसे कष्ट पडले नसतील. घरी उर्दू बोलतानाही आपण हेच शब्द वापरतो. आज मी तुमच्याशी हिशेबाविषयीच बोलणार आहे. मात्र हा हिशेब वहीतला नाही. तो संगणकावरचा आहे आणि तो मांडणारा हातही माणसाचा नाही.

आपल्या वर्गाचे हजेरीपत्रक तुम्ही रोज पाहता. आडव्या ओळींत नावे असतात आणि उभ्या रकान्यांत तारखा असतात. महिना संपला की नवे पान घ्यायचे, पुन्हा सर्व नावे लिहायची, पुन्हा बेरजा करायच्या. दुकानात, कारखान्यात, गोदामात असेच तक्ते असतात. संगणकावरील अशा तक्त्याला 'स्प्रेडशीट' म्हणतात.

हा तक्ता संगणकावर कसा आला, ते ऐका. १९७८ साली डॅन ब्रिकलिन हा अमेरिकेतील हार्वर्ड येथे शिकत होता. वर्गात प्राध्यापक फळ्यावर आकड्यांचा तक्ता मांडत. एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले सगळे आकडे पुसून पुन्हा लिहावे लागत. ही आकडेमोड संगणकाने आपोआप केली तर किती बरे होईल, असे त्याला वाटले. बॉब फ्रँकस्टन या मित्राच्या मदतीने त्याने 'व्हिजिकॅल्क' तयार केले. ते १९७९ साली बाजारात आले. पुढे १९८५ साली 'एक्सेल' आले. २००६ साली गूगलने इंटरनेटवर चालणारा तक्ता आणला. एकच तक्ता अनेक माणसे वेगवेगळ्या गावांतून एकाच वेळी पाहू लागली आणि भरू लागली.

आता त्याच्याही पुढची पायरी आली आहे. तक्ता तयार करण्याचे कामही यंत्रच करते. मायक्रोसॉफ्टचे 'पॉवर ऑटोमेट', 'झेपियर', गूगलची 'ॲप्स स्क्रिप्ट' अशी साधने त्यासाठी आहेत. त्यांना एकदाच सांगून ठेवायचे की, अमुक घडले की तमुक कर. महिन्याची १ तारीख उजाडली की नमुन्याच्या तक्त्याची नक्कल कर, तिला नव्या महिन्याचे नाव दे, कामगारांची नावे व हजेरी भर आणि तक्ता मालकाकडे पाठव. यंत्र हे न विसरता करते. त्याला झोप येत नाही, कंटाळा येत नाही.

तुमच्यापैकी काही जण म्हणतील, "सर, मग आम्ही गणित शिकायचे कशाला?" या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी मी तुम्हांला एक खरी हकिगत सांगतो.

माझा एक जुना विद्यार्थी भिवंडीजवळच्या एका गोदामाच्या कार्यालयात काम करतो. हमालांच्या पगाराचा तक्ता तयार करणे हे त्याचे काम. पूर्वी दर महिन्याला त्याच्या दोन रात्री त्यातच जात. त्याने खटपट करून हे काम यंत्रावर सोपवले. कामाचे दिवस गुणिले रोजची मजुरी, असे सूत्र त्याने नमुन्याच्या तक्त्यात प्रत्येक ओळीत घातले. तेव्हा हमाल ४० होते, म्हणून सूत्रही ४० ओळींतच घातले. काही महिने सारे सुरळीत चालले. शेठजी खूश झाले. तोही खूश झाला.

मग एका महिन्यात दोन नवे हमाल कामावर लागले. यंत्राने त्यांची नावे खाली ४१ व्या आणि ४२ व्या ओळीत बरोबर लिहिली. हजेरीही भरली. परंतु त्या दोन ओळींत सूत्रच नव्हते. मजुरीचा रकाना कोरा राहिला. संगणकाने कसलीही तक्रार केली नाही, कारण कोरे घर ही त्याच्या दृष्टीने चूक नव्हती. खाली एकूण रक्कम सुबक अक्षरांत दिसत होती. शेठजींनी मंजुरी दिली आणि पगार झाला.

त्या दोघांना एक पैसाही मिळाला नाही. त्यांपैकी एकाला गावी आईच्या औषधासाठी पैसे पाठवायचे होते. कामावर नवीन असल्यामुळे विचारण्याची हिंमत त्यांना झाली नाही. आपले काम पसंत पडले नसेल, असे समजून ते गप्प बसले.

चूक कोणी पकडली? गोदामात एक वृद्ध मुनीमजी आहेत. संगणकाला ते हात लावत नाहीत. तीन दिवसांनी त्यांनी सहज विचारले, "बेटा, माणसे किती आणि पगार किती जणांना दिला?" माझ्या विद्यार्थ्याने मोजले. माणसे ४२ आणि पगार ४० जणांना! त्याच दिवशी दोघांना पैसे मिळाले. पण तो मला म्हणाला, "सर, त्यांच्याकडे पाहताना माझी मान वर होत नव्हती."

अशी चूक लहान ठिकाणीच होते असे समजू नका. २०२० साली इंग्लंडमध्ये कोरोनाची साथ चालू होती. प्रयोगशाळांकडून येणाऱ्या नोंदी आपोआप एक्सेलच्या तक्त्यांत भरल्या जात. ते तक्ते जुन्या पद्धतीचे होते. अशा एका तक्त्यात ६५,५३६ पेक्षा जास्त ओळी मावत नाहीत. तक्ता भरला आणि पुढच्या नोंदी बाहेरच राहिल्या. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातील १५,८४१ रुग्ण रोजच्या आकडेवारीत आलेच नाहीत. रुग्णांना आपापले निकाल कळले होते, परंतु त्यांच्या सहवासात आलेल्या लोकांना शोधून सावध करण्यास उशीर झाला. साथीच्या दिवसांत असा उशीर किती महाग पडतो, हे तुम्ही जाणता.

आता एका विद्यार्थ्याची गोष्ट ऐका. अमेरिकेतील कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या नामवंत अर्थतज्ज्ञांनी देशांच्या कर्जाविषयी २०१० साली एक लेख लिहिला होता. मोठमोठे राज्यकर्ते त्याचा आधार घेत. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात शिकणाऱ्या थॉमस हर्नडन याने वर्गातील अभ्यास म्हणून तीच आकडेमोड पुन्हा करून पाहिली. त्याचे उत्तर जुळेना. त्याने लेखकांकडे त्यांचा मूळ तक्ता मागितला आणि त्यांनी तो दिला. तक्त्यात २० देश होते, पण सरासरीच्या सूत्रात १५ च घेतले गेले होते. पाच देश बाहेर राहिले होते! २०१३ साली हे उघड झाले आणि तक्त्यातील ही चूक त्या अर्थतज्ज्ञांनी मान्य केली. त्यांचे इतर मुद्दे बरोबर की चूक, हा वाद मोठ्यांचा आहे. आपण एवढेच पाहू की, एका विद्यार्थ्याने मोठ्या नावांना न भिता बेरीज तपासली.

मित्रांनो, यंत्र वाईट आहे असे मी म्हणत नाही. हाताने लिहिलेल्या वहीतही चुका होतातच. माझ्या विद्यार्थ्याच्या दोन रात्री वाचल्या, ही चांगलीच गोष्ट झाली. तुम्हीही ही साधने अवश्य शिका. उद्या नोकरीत, धंद्यात ती तुम्हांला लागतील. माझे म्हणणे इतकेच आहे की, तक्ता भरण्याचे काम यंत्राला द्यावे, पण तो बरोबर असल्याची जबाबदारी त्याच्यावर टाकू नये. हाताने चूक केली तर ती एका वहीत राहते. यंत्राला चुकीचा हुकूम दिला तर ते तीच चूक दर महिन्याला, तितक्याच सुबक अक्षरांत करीत राहते. आणि सुबक अक्षरांवर माणूस चटकन विश्वास ठेवतो.

म्हणून यंत्राने केलेला कोणताही तक्ता हाती आला की तीन गोष्टी करा. नोंदी किती यायला हव्या होत्या आणि किती आल्या, ते मोजा. कुठले घर कोरे राहिले आहे का, ते पाहा. मधली कोणतीही एक ओळ निवडून तिचा हिशेब कागदावर सोडवा. या तिन्ही गोष्टींना मोजणी, गुणाकार आणि बेरीज पुरते. 'गणित कशाला' या प्रश्नाचे माझे उत्तर हेच आहे.

माझ्या विद्यार्थ्याने आता तक्त्यात दोन नवी घरे केली आहेत. एकात कामगारांची संख्या येते, दुसऱ्यात पगार मिळणाऱ्यांची. दोन्ही आकडे जुळले नाहीत तर तक्ता शेठजींकडे जातच नाही. तरीही दर महिन्याच्या १ तारखेला तो मुनीमजींजवळ जाऊन बसतो. मुनीमजी एकेक नाव मोठ्याने वाचतात आणि तो बोटांवर मोजतो.