गुडघा कोणाचा?

मंडळी, गुडघा बदलायचा की नाही हे हल्ली डॉक्टर, मुलगा, सून, अगदी पुण्याचा भाचाही ठरवतो. विचारत नाहीत ते फक्त ज्याचा गुडघा त्याला!

"वाजपेयींनी नाही का २००० साली बदलला?" असं उदाहरण देतात. अहो, पंतप्रधानांची गरज आणि दिवसभर उकिडवं बसून खुरपणाऱ्या बाईची गरज एक कशी? कृत्रिम सांध्यावर उकिडवं बसू नका, असं बहुतेकांना सांगतात. हे तिला ऑपरेशनच्या आधी कळायला नको का?

ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने साध्या कोबाल्ट-क्रोम सांध्याची किंमत ५४,७२० रुपयांवर (अधिक जीएसटी) आणली. चांगलंच झालं. पण विचारण्याला तर पैसेही पडत नाहीत!

न विचारल्याचं फळ आपल्या बीडने भोगलंय. इथल्या तेरा हजारांवर ऊसतोड बायकांची गर्भाशयं काढलेली २०१९ च्या सरकारी पाहणीत आढळली. कित्येकींना कॅन्सरची भीती घातली होती.

शस्त्रक्रियेला माझा विरोध नाही. दुखण्याने झोप उडालेल्याला ती वरदानच. पण झिजलेल्या गुडघ्याला सहसा घाई नसते. व्यायाम, वजन, काठी करून पाहता येतं. म्हणून आधी विचारा, "तुम्हाला काय करता यायला हवंय?" आणि उत्तर मुलाकडून नको, आईकडूनच ऐका.